पाटल्या आईच्या, बहीण माझी

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असा तपशील काढून, थोडक्यात देते आहे.)

"मी २९ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. घर इचलकरंजीत, बाबांचे यंत्रमाग आहेत. मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि दोन वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. मावशी (मी त्यांना हेच म्हणते) विधवा होत्या. पहिल्या लग्नाची पाच वर्षांची मुलगी घेऊन आल्या. ती माझी धाकटी. रक्ताचं नातं काही नाही, पण शाळेत जाताना तिच्या वेण्या मी घातल्या, तिला सायकल मी शिकवली, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती रडत आईकडे नाही, माझ्याकडे आली.

मावशींशी माझं कधी जमलं नाही. त्यांनी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण आईची भांडी एकेक करून माळ्यावर गेली, तिचं शिवणयंत्र विकलं गेलं. दरवर्षी अविधवा नवमीला आईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, तेही कर्तव्य म्हणून. बाबा कशातच पडत नाहीत. दिवसभर कारखान्यात असतात, घरी आले की टीव्ही. आजी होती तोवर कुणीतरी विचारणारं होतं, आता तीही नाही.

चार वर्षांपासून माझं एकावर प्रेम आहे. तो आमच्या जातीतला नाही. घरी सांगितलं तेव्हा बाबा गप्प बसले आणि मावशी म्हणाल्या, 'आधी धाकटीचं होऊ दे, मग तुला काय करायचं ते कर.' मी सव्वा वर्ष थांबले. धाकटीचं जमलं. मुलगा तिला मनापासून आवडलाय, दोघं रोज तास तास बोलतात. साखरपुड्याच्या तयारीसाठी मी घरी गेले, तर मावशी माझ्या आईच्या पाटल्या धाकटीच्या हातात घालून माप बघत होत्या. बाबांच्या नावाच्या लॉकरमधला आईचा डबा पलंगावर उघडा पडला होता. माझा तोल गेला. 'तुम्ही या घरात आलात आणि माझ्या आईचं घर संपलं,' असं मी सगळ्यांसमोर बोलले. धाकटीने मोरीत जाऊन हात साबणाने भिजवून पाटल्या काढल्या, मनगट सोललं तिचं. त्या रात्री तिने मुलाकडच्यांना फोन करून साखरपुडा पुढे ढकलायला लावला. 'ताईचं ठरल्याशिवाय माझं नाही,' म्हणाली. आता मावशी माझ्याशी बोलत नाहीत. पत्रिकेत वडील म्हणून कुणाचं नाव घालायचं यावरूनही घरात वाद होताच, तोही अर्धवट राहिलाय.

मामा म्हणतो, वकिलाची नोटीस पाठव. मी आणि तो पुढच्या महिन्यात गुपचूप रजिस्टर लग्न करायच्या विचारात आहोत. लग्न करायचं, मग दागिने आणि घरातला हिस्सा मागायचा. पण धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. तिच्यावर राग येतो आणि तिच्यासाठी रडूही येतं. मी काय करू?

ता. क. तुमचं उत्तर आलं तर तिला दाखवू का?"

— थोरली

प्रिय थोरली,

सगळ्यात आधी फोन उचल आणि धाकटीला सांग की साखरपुडा ठरल्या तारखेला होऊ दे. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंस तरी चालेल. मुलाकडच्यांना साखरपुडा 'पुढे ढकलला' एवढंच कळलेलं असतं, कारण कळलेलं नसतं. आणि आपल्याकडे अशी रिकामी जागा कशाने भरली जाते हे तुला माहीत आहे. मुलीच्या मनात दुसरं कुणी आहे का, घरात काही भानगड आहे का, देण्याघेण्यावरून फिसकटलं का. आठ-पंधरा दिवस असे गेले की जमलेलं लग्न बघता बघता विस्कटतं. तुझ्याच शब्दांत, तो मुलगा तिला मनापासून आवडलाय. तिने तुझ्यासाठी जे पणाला लावलंय ते तिचं सगळ्यात मोलाचं आहे, आणि तू ते घेऊ नयेस असं मला अगदी कळकळीने वाटतं.

तुला तिचा राग येतो असं तू लिहिलंस आणि पुढच्याच शब्दाला जणू माफी मागितलीस. राग येणारच. तिने काही मागितलं नाही, भांडली नाही, उलट स्वतःचं सुख बाजूला ठेवलं. आता तू तुझ्या आईच्या वस्तू मागितल्यास तर वाईट कोण ठरणार? तूच. तिने हे मुद्दाम केलं नाही, पण तुझी कोंडी झाली हे खरं आहे. म्हणून तिला स्पष्ट सांग: "माझं भांडण मी भांडेन. तू त्यात तुझं लग्न घालू नकोस." आणि आजपासून एक पथ्य पाळ. मावशी काय म्हणाल्या, बाबांनी काय ऐकलं, डबा कुठे ठेवलाय, हे तिला विचारायचं नाही. पाचव्या वर्षापासून ती मुलगी तुझ्या आणि तिच्या आईच्या मध्ये उभी आहे. तिची बाजू कोणती, हे तिला एकदाही ठरवायला लावू नकोस.

आता पाटल्यांकडे येऊ. यात मी मावशींची जराही बाजू घेणार नाही. मेलेल्या बाईचे दागिने तिच्या मुलीला न विचारता दुसऱ्या मुलीच्या हातात घालून बघणं चूक होतं. तुझा तोल गेला याचं मला नवल वाटत नाही. तुझ्या आईला माहेरहून आणि सासरहून मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, आणि त्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या विवाहित स्त्रीची मिळकत तिची मुलं आणि नवरा यांच्यात सारखी वाटली जाते. तू एकटीच मुलगी असशील तर निम्मं तुझं, निम्मं तुझ्या बाबांचं. मावशींचा त्यात थेट हक्क नाही, धाकटीचाही नाही. बाबा त्यांच्या निम्म्यातलं कुणालाही देऊ शकतात, तुझ्या निम्म्यातलं देऊ शकत नाहीत. एवढं तुझ्या मनात पक्कं असू दे, म्हणजे बोलताना आवाज चढवायची गरज पडणार नाही.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "बाबांच्या नावाच्या लॉकरमधला आईचा डबा." लॉकर बाबांच्या नावावर असेल तर तो मावशी एकट्या उघडू शकत नाहीत. बँकेत जाऊन नोंदवहीत सही करावी लागते, स्वतःची किल्ली लावावी लागते. म्हणजे त्या दिवशी तुझे बाबा कारखान्यातून वेळ काढून बँकेत गेले, डबा काढला, पिशवीत घालून घरी आणला आणि पलंगावर ठेवला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसले असतील. एवढं सगळं त्यांनी केलं आणि तुला फोन केला नाही. "अगं, तुझ्या आईच्या पाटल्या धाकटीला द्यायचं मनात आहे, तुझं काय म्हणणं?" हे एक वाक्य. ते त्यांनी बोलायला हवं होतं, मावशींनी नव्हे.

तुझ्या पत्रात मावशींवर पानं आहेत आणि बाबांवर दोन-तीन वाक्यं. ही तुझी एकटीची गोष्ट नाही. सावत्र नात्यांची जी पत्रं माझ्याकडे येतात त्यांत बाप असाच कोपऱ्यात बसलेला असतो. ध्रुवाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. सुरुची त्याला म्हणाली की राजाच्या मांडीवर बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायला हवा होतास. तेव्हापासून सुरुची वाईट ठरली ती ठरलीच. पण उत्तानपाद राजा तिथेच बसलेला होता. मांडी त्याची होती. पोराला उचलून घ्यायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याच गोष्टीचा पुढचा भाग भागवतात आहे आणि तो कमी सांगितला जातो. तो सावत्र भाऊ, उत्तम, शिकारीला गेला असता हिमालयात एका यक्षाच्या हातून मारला गेला, आणि ध्रुव त्याच्यासाठी पेटून उठून यक्षांच्या अलकापुरीवर चालून गेला. मांडीवरून ज्याच्यामुळे उतरावं लागलं, त्याच भावासाठी. मोठ्यांच्या वागण्याचा हिशोब त्याने भावाच्या नावावर मांडला नव्हता. तूही धाकटीच्या नावावर तो मांडलेला नाहीस, पत्राच्या प्रत्येक ओळीत ते दिसतं. फक्त रागाच्या भरात पुढच्या महिन्यात तुझ्या हातून तेच होऊ नये, म्हणून एवढं लिहिते आहे.

मावशींबद्दल मला आणखी थोडं लिहायचं आहे. ते तुला कदाचित आवडणार नाही. शिवणयंत्र विकताना तुला विचारलं नाही, हा त्यांचा दोष. 'आधी धाकटीचं होऊ दे' म्हणताना तुझ्या प्रेमाची त्यांना अडचण वाटली, ते त्यांनी लपवलंही नाही, हेही खरं. पण त्यांना सोन्याची हाव आहे असं तू जे लिहिलंस (ते मी वर छापलेलं नाही), ते मला पटलं नाही. मला तिथे भीती दिसते, आणि ती भीती निराधार नाही.

त्या घरात धाकटीचं कायद्याने काय आहे, हे तू कधी बघितलंस का? बाबांनी उद्या मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा तुला आणि मावशींना, समान. धाकटीला थेट काहीही नाही, कारण बायकोची आधीच्या लग्नाची मुलगी नवऱ्याची वारस होत नाही. मावशींकडे जे येईल ते पुढे कधीतरी तिच्याकडे जाईल, एवढंच. मिळकत वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने तू मुलाच्या बरोबरीची हक्कदार आहेस. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क जन्मतःच असतो हे स्पष्ट केलं. धाकटीला तिथेही जागा नाही. बाबांना तिला लहानपणी रीतसर दत्तक घेता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण हिंदू दत्तक कायद्यात स्वतःची मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि मूलही साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं लागतं. ती वेळ केव्हाच टळली. पत्रिकेत कुणाचं नाव घालायचं हा वाद त्यातूनच आला आहे. दाखल्यावर एक आडनाव, दाराच्या पाटीवर दुसरं. तू रागावून पुण्याला निघून गेलीस तरी त्या घरावरचा तुझा हक्क जात नाही. धाकटी अठरा वर्षं त्याच घरात राहूनही कागदावर पाहुणीच आहे. तुझी मावशी हे रोज बघते. पोरीच्या अंगावर चार दागिने घालून तिला सासरी पाठवली की कुणी 'कुठली, कुणाची' विचारणार नाही, असा तिचा हिशोब असावा. हिशोब चुकीच्या सोन्यावर मांडला गेला, पण तो तिने का मांडला हे मला समजतं.

(धाकटीलाही एक सांगून ठेव. तिच्या जन्मदात्या वडिलांच्या मिळकतीतला तिचा हक्क आईच्या पुनर्विवाहामुळे जात नाही. तिकडे शेत किंवा घर असेल तर सातबारा आणि मिळकत पत्रिका काढून बघायला हवी. मुली लहान असताना अशी नावं हळूच गळून पडतात.)

आणि ती अविधवा नवमी. 'तेही कर्तव्य म्हणून' असं तू लिहून गेलीस. मी तिथे थांबले. तुझ्या आईची तिथी त्या घरात कोण सांभाळतं? बाबा नाहीत, आजी आता नाही, तू पुण्यात. दुसरी बायको दर भाद्रपदात पहिल्या बायकोच्या नावाने स्वयंपाक करते, सवाष्णीला बोलावते, तिची ओटी भरते, आणि हे तिला कुणी करायला लावत नाही. त्यात प्रेम असेलच असं मी म्हणत नाही. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नाही तिच्यावर प्रेम कुठून येणार? पण तुझ्या आईला या घरात मान आहे, हे ती वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मान्य करते. तुम्ही आलात आणि आईचं घर संपलं, या वाक्याने तिला नेमकं कुठे लागलं असेल, ते मला इथून दिसतं. ते वाक्य मागे घे. पाटल्यांवरचा हक्क मागे घ्यायचा नाही, फक्त ते वाक्य. "तसं बोलायला नको होतं, पण पाटल्यांचं मला फार लागलं," एवढं पुरे. त्यांना आई म्हणायची सक्ती स्वतःवर करू नकोस. मावशी ही चांगली हाक आहे आणि तिच्यात पुरेसा मान आहे.

आता तुझं लग्न. त्याच्याबद्दल तू फार कमी लिहिलंस, पण जे लिहिलंस (तेही मी वर छापलेलं नाही) ते मला आवडलं. सव्वा वर्ष तो तुझ्याबरोबर थांबला, एकदाही टोमणा मारला नाही, आणि स्वतः बाबांना भेटायला यायची तयारी दाखवली. 'तू अजून त्यांना का भेटू दिलं नाहीस?' असं मला तुला विचारायचं आहे. घरातल्या भांडणात त्याला ओढायचं नाही, हे कारण तू देशील. पण ज्याच्याशी संसार करायचा त्याला भांडण दाखवायला कशाला लाजायचं? चार वर्षांत त्याने तुझा राग पाहिला असेलच.

रजिस्टर लग्नात काही कमीपणा नाही. माझी हरकत 'गुपचूप' या शब्दाला आहे आणि 'पुढच्या महिन्यात' याला आहे. एक तर ते गुपचूप राहणार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, त्याआधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम हवा, नोटीस कार्यालयात लावली जाते आणि पुढे ३० दिवस हरकतीसाठी जातात. तुझा कायमचा पत्ता इचलकरंजीचा असेल तर नोटिसीची प्रत कोल्हापूर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. बाबांना ही बातमी बाहेरच्या कुणाकडून कळावी, असं तुला खरंच वाटतं का? तुम्ही दोघं हिंदू असाल तर विधिवत लग्न लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करण्याचा मार्ग आहे, त्यात ही ३० दिवसांची नोटीस नाही. जात वेगळी असली तरी त्या कायद्याला अडचण नाही. म्हणजे मार्ग आहेत. सज्ञान माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. मावशींचीही नाही, बाबांचीही नाही.

पण पुढचाच महिना का? पत्र वाचताना मला वाटलं की ही तारीख तुम्हा दोघांच्या मनाने ठरलेली नाही, त्या पाटल्यांनी ठरवली आहे. चार वर्षं ज्याच्यावर जीव लावलास त्याच्याशी लग्न करायचा दिवस मावशींना धडा शिकवायचा दिवस होऊ देऊ नकोस. त्या माणसाचा तो अपमान आहे. आणि त्या लग्नात धाकटी नसेल. तुझ्या लग्नात करवली म्हणून तुझ्या मागे उभं राहायचं तिने लहानपणापासून मनाशी धरलं असेल, नसेल? पुढे तिला कळेल की ताईने साक्षीदार म्हणून ऑफिसमधले मित्र नेले आणि मला सांगितलं नाही. सावत्रपणा म्हणजे काय हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजेल, आणि तेही तुझ्याकडून.

म्हणून क्रम असा धर. धाकटीचा साखरपुडा होऊ दे. त्याआधीच्या एखाद्या रविवारी इचलकरंजीला जा आणि बाबांना एकट्याला गाठ. घरात बोलू नकोस, तिथे ते टीव्हीचा आवाज वाढवतील. कारखान्यात सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना जा, नाहीतर पंचगंगेच्या घाटावर घेऊन जा. रडू आलं तर येऊ दे, पण मुद्दे सोडू नकोस.

पहिला मुद्दा दागिन्यांचा. डब्यात काय काय आहे याची यादी दोघांनी मिळून करा, फोटो काढा, खाली दोघांच्या सह्या. मामाला साक्षीला बोलव, पण त्याला पुढारपण देऊ नकोस. बहिणीचं दुःख त्याच्याही पोटात आहे आणि त्या दुःखाला वीस वर्षांत कुठेच वाट मिळालेली नाही. नोटीस हा त्याचा मार्ग झाला. तुझा तो शेवटचा असू दे. लागलीच वकिलाची गरज, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो, एकदा जाऊन कागद दाखवून ये.

दुसरा मुद्दा तुझ्या लग्नाचा. "बाबा, तुम्हाला तो नको असेल तर नको म्हणा. पण गप्प बसू नका. मी त्याच्याशीच लग्न करणार आहे आणि तुम्ही त्याला एकदा भेटावं असं मला वाटतं." त्यांनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही तर मुदत दे. महिनाभर, फार तर धाकटीच्या लग्नापर्यंत. त्यापुढे तू थांबायचं कारण नाही, आणि त्या वेळी तारीख सगळ्यांना कळवून लग्न कर. जो येईल तो येईल.

तिसरा मुद्दा तुला विचित्र वाटेल. धाकटीसाठी माग. "बाबा, तुमच्या कमाईतलं तिच्या नावावर काहीतरी करा. मृत्युपत्र करा." साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ते तुझ्या वाट्यातून जाणार आहे, हे समजून माग. उदारपणाच्या झटक्यात नको, दोन रात्री विचार करून. नको वाटलं तर मागू नकोस, तुझं प्रेम त्याने कमी ठरत नाही. पण मला वाटतं की हे मागणारी त्या घरात तूच एक असू शकतेस. मावशींनी मागितलं तर लोक त्याला डाव म्हणतील, धाकटी मेली तरी मागणार नाही, आणि बाबांना ते आपणहून सुचलं असतं तर अठरा वर्षांत सुचलं असतं. मावशींना उद्या कळलं की पोरीसाठी शब्द टाकणारी तू आहेस, तर त्यांना तुझ्या आईच्या डब्याकडे बघायची गरजच उरणार नाही.

पत्रिकेचंही त्याच दिवशी मिटवून टाका. दोन्ही वडिलांची नावं घालता येतात. जन्मदाते कै. म्हणून, आणि खाली तुझे बाबा आणि मावशी. अशा पत्रिका निघतात, छापणाऱ्याला मजकूर कसा बसवायचा ते माहीत असतं. मजकूर मात्र धाकटीला विचारून ठरवा. नाव तिचं आहे आणि दोन घरांमधली गाठही तिलाच आयुष्यभर बाळगायची आहे.

पाटल्यांचं शेवटी काय करायचं, ते तू मला विचारलेलं नाहीस, आणि बरं केलंस. त्या तुझ्या हातात आल्यावर ठरव. धाकटीला द्याव्याशा वाटल्या तर दे, एक तिला आणि एक तुला ठेवावीशी वाटली तर तसं कर, नाहीतर दोन्ही स्वतःच्या लग्नात घाल. यातलं काहीही केलंस तरी तू स्वार्थी ठरत नाहीस आणि थोरही ठरत नाहीस. मात्र दिल्यासच तर तिच्या लग्नाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या देखत देऊ नकोस. तिचं मनगट अजून दुखत असेल. दोघीच असाल तेव्हा विचार. तिने नको म्हटलं तर आग्रह करू नकोस.

आता ताजा कलम. दाखव तिला हे उत्तर, माझी हरकत नाही. तुझं मूळ पत्र मात्र दाखवू नकोस, निदान त्यातली ती मधली पानं नको. तू ज्या बाईबद्दल ते लिहिलं आहेस, ती तिची आई आहे.